मोटारीचे सुटे भाग करणारा कारखाना बंद पडतो तेव्हा

रस्त्याने जाणाऱ्या मोटारीवर एकाच कंपनीचे नाव असते. परंतु ती मोटार एका कारखान्यात तयार होत नाही. इंजिनाचे ओतीव भाग, गिअर, ब्रेक, काचा, दिवे, आसने, रबरी नळ्या आणि विजेच्या तारांची जुडगी निरनिराळ्या गावांतील निरनिराळ्या कारखान्यांतून येतात. गाडीवर जिचे नाव झळकते ती कंपनी बहुधा पत्रा दाबते, सांगाडा जोडते, रंग देते आणि बाहेरून आलेले भाग बसविते. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत ओतलेला बिडाचा भाग पुढे कोणाच्या गाडीत बसणार, हे तो ओतणाऱ्या कामगाराला ठाऊक असतेच असे नाही. पीथमपूर, हालोल किंवा सत्तरी तालुक्यातील होंडा येथील कामगारांचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. गाडी जोडणारी कंपनी भागांचा साठा फारसा करीत नाही. आज लागणारे भाग आजच दारात यावेत अशी तिची अपेक्षा असते. त्यामुळे तिने एखादे मॉडेल थांबविले, की त्याच्या भागांची मागणी थोड्याच दिवसांत संपते. भाग करणाऱ्याजवळचे डाय, मोल्ड आणि फिक्श्चर त्याच एका मॉडेलसाठी बनविलेले असतात. कित्येकदा ते गाडीवाल्या कंपनीच्याच मालकीचे असतात आणि ती ते उचलून नेते. उरतात ती यंत्रे, बँकेचे कर्ज आणि माणसे. ज्या कंपनीच्या निर्णयाने या माणसांचे काम गेले, तिच्याशी त्यांचा कसलाच करार नसतो.

अशा वेळी कामगाराच्या पदरात काय पडते? याचे उत्तर सहानुभूतीवर अवलंबून नसते, आणि पुष्कळ अंशी संपाच्या बळावरही नसते. कारखाना चांगला चालला असताना कोणी, कोणाला, कोणते वचन लिहून दिले होते आणि देणेकऱ्यांच्या रांगेत कामगाराचा क्रमांक कितवा होता, यावर ते ठरते. अमेरिकेतील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट दिसते. ती दूरची असली तरी मोटारधंदा तेथे लवकर वाढला आणि लवकर आटू लागला, म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहेत.

साउथ बेंडचा अनुभव

इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये लोहारकामाचे दुकान काढले. घोड्यांच्या गाड्या बनविणारे हे घराणे विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींकडे वळले आणि त्यांच्या कारखान्यावर सारे गाव पोसले जाऊ लागले. १९५० मध्ये कंपनी आणि मोटार कामगारांची संघटना यांच्यात निवृत्तिवेतनाचा करार झाला. पुढील वर्षांत वाटाघाटी होत गेल्या आणि निवृत्तिवेतनाचे दर वाढत गेले. दर वाढविणे दोन्ही पक्षांना सोयीचे होते, कारण त्यासाठी त्या दिवशी रोख रक्कम मोजावी लागत नव्हती. मागील नोकरीचे देणे निधीत हळूहळू, अनेक वर्षांत भरावयाचे होते. कागदावरचे वचन वाढत होते. निधी त्या वेगाने वाढत नव्हता.

डिसेंबर १९६३ मध्ये कंपनीने साउथ बेंड येथील मोटारींचे उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. निधी वाटण्याची वेळ आली तेव्हा योजनेतच लिहून ठेवलेला अग्रक्रम उघडून पाहण्यात आला. आधी निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले सुमारे ३,६०० जण पहिल्या क्रमांकावर होते. त्यांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, किमान दहा वर्षे नोकरी झालेल्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या जेमतेम पंधरा टक्के एवढी एकरकमी रक्कम मिळाली. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच मिळाले नाही. एकोणसाठाव्या वर्षाचा कामगार आणि साठाव्या वर्षाचा कामगार एकाच यंत्रावर शेजारी उभे राहून वर्षानुवर्षे राबले असतील. पण अखेरच्या हिशेबात एकाला सारे मिळाले आणि दुसऱ्याला रुपयातले पंधरा पैसे. यात कोणी फसवणूक केली असे म्हणता येत नाही. जे लिहिले होते तेच घडले, एवढेच की ते आधी फारसे कोणी वाचले नव्हते.

या घटनेची अमेरिकेत दीर्घकाळ चर्चा झाली आणि १९७४ मध्ये कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याअन्वये एक सरकारी हमी महामंडळ स्थापन करण्यात आले. निवृत्तिवेतन देणाऱ्या कंपन्या या महामंडळाकडे विम्याच्या हप्त्यासारखी रक्कम भरतात. कंपनी बुडाली तर महामंडळ तिची योजना ताब्यात घेऊन निवृत्तांना पैसे देते. मात्र त्याला कमाल मर्यादा असते आणि पासष्ट वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्यांना ही मर्यादा आणखी खाली येते. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

डेल्फी : एक कंपनी, दोन प्रकारचे निवृत्त

जनरल मोटर्स ही कंपनी एके काळी आपले बहुतेक भाग स्वतःच करीत असे. स्टिअरिंग, रेडिएटर, स्पार्क प्लग, तारांची जुडगी यांचे तिचे कारखाने ओहायो, मिशिगन, इंडियाना आणि न्यूयॉर्क या राज्यांतील गावोगाव होते. १९९९ मध्ये हे सर्व कारखाने ‘डेल्फी’ या स्वतंत्र कंपनीच्या रूपाने जनरल मोटर्सपासून वेगळे करण्यात आले. वेगळे होताना डेल्फीकडे जनरल मोटर्सचेच वेतनमान आले. गिऱ्हाईकही मुख्यतः जनरल मोटर्सच राहिले. फरक एवढाच झाला, की जे पूर्वी घरचे होते ते आता परके झाले आणि परक्याशी भावाची घासाघीस करता येते.

याच ठिकाणी मोटार कामगारांच्या संघटनेने दूरदृष्टी दाखविली. नवी कंपनी टिकेल याचा भरवसा काय, असा प्रश्न करून तिने जनरल मोटर्सकडून एक हमीपत्र लिहून घेतले. ठराविक मुदतीत डेल्फी अडचणीत आली, तर त्या वेळी कामावर असलेल्या सभासदांच्या निवृत्तिवेतनाची तूट जनरल मोटर्स भरून काढील, असा त्याचा आशय होता. मुदत २००७ पर्यंत होती. कार्यालयातील लिपिक, अभियंते, पर्यवेक्षक हे पगारी कर्मचारी संघटनेत नव्हते. त्यांच्यासाठी असे हमीपत्र कोणी मागितले नाही. १९९९ च्या तेजीत ते मागण्याची कोणाला निकडही वाटली नसावी.

पुढे घडले ते असे. जनरल मोटर्सच्या गाड्यांचा खप घसरला, तशी भागांची मागणी घटली. पोलादाचे भाव चढले. भागांच्या किमती मात्र उतरवाव्या लागल्या. तारांची जुडगी बांधण्याचे काम हातांचे असते. ते कित्येक वर्षांपासून मेक्सिकोकडे सरकत होते आणि ओहायोतील वॉरन येथील माणसे त्या प्रमाणात कमी होत होती. २००५ मध्ये डेल्फीच्या हिशेबांतील गैरप्रकारही उघडकीस आले. ८ ऑक्टोबर २००५ रोजी डेल्फीने दिवाळखोरीचे संरक्षण मागणारा अर्ज न्यूयॉर्क येथील न्यायालयात दाखल केला. त्या वेळी जगभर तिच्या नोकरीत सुमारे १,८५,००० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ५०,००० अमेरिकेत होती. मोटारधंद्यातील तोवरची ही तेथील सर्वांत मोठी दिवाळखोरी होय.

अर्जाच्या तारखेकडेही लक्ष द्यावयास हवे. दिवाळखोरीचा अधिक कडक कायदा तेथे १७ ऑक्टोबर २००५ पासून लागू व्हावयाचा होता. अर्ज त्याच्या नऊ दिवस आधी आला. अर्जापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नोकरी सोडतानाच्या भरपाईच्या अटी अधिक उदार करण्यात आल्या होत्या. त्याच सुमारास कामगारांपुढे जो प्रस्ताव ठेवला गेला, तो ताशी सुमारे २७ डॉलरची मजुरी १० ते १२ डॉलरच्या आसपास आणण्याचा होता. या दोन कागदांतील अंतर पाहून गावोगाव संताप उसळला, यात नवल नाही.

मार्च २००६ मध्ये कंपनीने अमेरिकेतील आपल्या २९ कारखान्यांपैकी ८ ठेवण्याचा व बाकीचे २१ विकण्याचा अथवा बंद करण्याचा बेत जाहीर केला. संपाची भाषा झाली. परंतु डेल्फीत संप झाला असता तर भागांअभावी जनरल मोटर्सही बंद पडली असती. त्यामुळे जनरल मोटर्सनेच पैसे घालून वाटाघाटी पुढे नेल्या. तीस वर्षे नोकरी झालेल्यांनी निवृत्त व्हावे म्हणून ३५,००० डॉलर देऊ करण्यात आले. हजारो कामगारांनी असे प्रस्ताव स्वीकारून घरचा रस्ता धरला. जे राहिले त्यांची मजुरी २००७ च्या करारान्वये ताशी १४ ते साडेअठरा डॉलरवर आली आणि त्या घटीपोटी तीन वर्षांत मिळून १,०५,००० डॉलरपर्यंत रक्कम ठरली. एकरकमी पैसा मोठा दिसतो. तो किती वर्षांच्या मजुरीचा मोबदला आहे, हे भागाकार केल्याशिवाय कळत नाही.

खरी कसोटी २००९ मध्ये लागली. जनरल मोटर्स स्वतःच १ जून २००९ रोजी दिवाळखोरीत गेली आणि सरकारी पैशांतून पुन्हा उभी राहिली. नव्या कंपनीत सर्वांत मोठा भागधारक अमेरिकन सरकारच होते. जुलैमध्ये डेल्फीच्या निवृत्तिवेतन योजना हमी महामंडळाने ताब्यात घेतल्या. त्यांत सुमारे ७०,००० लोक होते. मोटार कामगार संघटनेच्या सभासदांबाबत महामंडळाची कमाल मर्यादा जेथे अपुरी पडली, तेथे १९९९ च्या हमीपत्राप्रमाणे जनरल मोटर्सने वरची रक्कम दिली. सुमारे २०,००० पगारी कर्मचाऱ्यांना तसे काही मिळाले नाही. त्यांपैकी पुष्कळ जण पासष्टीपूर्वी निवृत्त झालेले असल्याने मर्यादा त्यांना अधिकच आखूड पडली आणि अनेकांच्या निवृत्तिवेतनात मोठी कपात झाली. सरकारच मालक असताना एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अपुरे हा अन्याय आहे, असे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा दिला. २०२० मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

ज्यांचे हात काळे होत होते त्यांना वचन लिहून मिळाले होते. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना मिळाले नव्हते. हा विरोध वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्र व गुजरात यांच्या परिसरानेही अशा घटना अलीकडे पाहिल्या आहेत. बडोद्याजवळील हालोल येथे जनरल मोटर्सचा कारखाना एप्रिल २०१७ मध्ये थांबला. पुढे तेथे दुसऱ्या कंपनीने गाड्या बनविण्यास आरंभ केला. पुण्याजवळील तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि तेथील कामगारांच्या भरपाईचा वाद दीर्घकाळ चालला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्ड कंपनीने भारतात गाड्या बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. तिचा साणंद येथील गाड्यांचा कारखाना टाटा समूहातील कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये घेतला, तेव्हा पात्र कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची अट त्या व्यवहारातच होती. परंतु ती अट मुख्य कारखान्याच्या पटावर असलेल्यांची होती. त्याच्या भोवती उभ्या असलेल्या भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांतील माणसे त्या व्यवहारात पक्षकार नव्हती.

भारतातील कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे पाहिले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ३०० अथवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती. त्याहून लहान पण किमान ५० कामगार असलेल्या कारखान्याने साठ दिवसांची पूर्वसूचना शासनास द्यावयाची असते. सुटे भाग करणाऱ्या बहुसंख्य कारखान्यांची संख्या पाहता, परवानगीचे कलम त्यांना लागूच होत नाही. पन्नासांहून कमी माणसे असतील तर साठ दिवसांची ही सूचनाही नाही. मात्र भरपाईचा हक्क लहान कारखान्यातही असतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास, झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळावयास हवी. सलग वर्ष म्हणजे मागील बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम, असा सर्वसाधारण नियम आहे.

भरपाईखेरीज उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, वेगळी असते. तिचा हिशेब शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांनाही करता येईल आणि शिक्षकांनी तो गणिताच्या तासाला जरूर करून घ्यावा. शेवटचे वेतन २६ ने भागावयाचे, १५ ने गुणावयाचे आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणावयाचे. समजा, वेतन १८,२०० रुपये आहे आणि नोकरी बारा वर्षांची. २६ ने भागल्यास ७०० रुपये येतात. १५ ने गुणल्यास १०,५००. बारा वर्षांचे १,२६,००० रुपये. कारखाना बंद झाल्याची भरपाई वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार धरल्यास १,०९,२०० रुपये होते. या दोन्ही रकमा एकमेकींचा पर्याय नव्हेत. पात्र कामगारास दोन्ही देय असतात. ‘एवढ्यावर सही करा’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर एकच आकडा असेल, तर तो कशाकशाचा आहे हे विचारण्याचा कामगारास पूर्ण अधिकार आहे.

आता त्याच यंत्रावर, तितकीच वर्षे राबलेला कंत्राटी कामगार पाहावा. बारा वर्षांत कंत्राटदार चार वेळा बदलला असेल आणि दर वेळी नव्याने नेमणूक दाखविली असेल, तर कागदावर त्याची नोकरी बारा वर्षांची राहत नाही. कायम कामगारास ग्रॅच्युइटीसाठी साधारणतः पाच वर्षे सलग नोकरी लागते. तीन-तीन वर्षांच्या चार तुकड्यांतून ती सिद्ध करणे अतिशय कठीण जाते. ठराविक मुदतीच्या करारावर कंपनीने थेट नेमलेल्यास नव्या संहितेखाली एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. परंतु त्याकरिता तो करार लेखी असावा लागतो आणि त्याची प्रत कामगाराजवळ असावी लागते. साउथ बेंडला वयाने जी भिंत उभी केली, ती येथे हजेरीपटाने उभी केली आहे.

कंपनी दिवाळखोरीत निघाली तर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने रांग ठरवून दिली आहे. मालमत्ता विकून पैसे वाटताना प्रक्रियेचा खर्च प्रथम जातो. त्यानंतर आधीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे देणे हे तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने येते. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतील रक्कम वाटपाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. भविष्यनिर्वाह निधी प्रत्येकाच्या नावावर वेगळा असल्याने स्टुडबेकरसारखी वाटणी येथे होत नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. तथापि पगारातून कापलेली रक्कम खात्यात खरोखर भरली जाते की नाही, हे पाहण्याचे काम उरतेच. अडचणीत आलेला कारखानदार प्रथम थकवितो तो बहुधा हाच भरणा, कारण यंत्राचा पुरवठादार किंवा वीज मंडळ जसे दारात येते तसा कामगाराच्या खात्याचा तगादा लावणारा कोणी नसतो. खात्याचे पुस्तक दर तिमाहीस पाहिले, तर कारखान्याची प्रकृती बंदीच्या पाटीपूर्वी कित्येक महिने कळू शकते.

येत्या काळात हा प्रश्न अधिक निकडीचा होणार आहे, याचे कारण मोटारीच्या रचनेतच आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन, त्याच्या कड्या, व्हॉल्व्ह, इंधनाचा पंप आणि सायलेन्सर लागत नाहीत. क्लचही लागत नाही. आसने, काचा, दिवे, टायर आणि ब्रेक मात्र लागतातच, आणि तारांचे काम वाढते. जर्मनीत झेड-एफ कंपनीने २०२४ मध्ये, २०२८ अखेरपर्यंत देशातील १४,००० पर्यंत जागा कमी करण्याचे जाहीर केले. बॉश कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १३,००० जागा कमी करण्याचा बेत सांगितला. या दोन्ही कंपन्या गाड्या बनवीत नाहीत, भागच बनवितात. एखाद्या तालुक्यातील कारखाना कोणता भाग करतो आणि तो विजेच्या गाडीत बसतो की नाही, एवढी साधी नोंद जरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी व स्थानिक अधिकाऱ्यांनी ठेवली, तरी कोणत्या वस्तीत प्रशिक्षणाची गरज आधी पडणार हे कळू शकेल. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरावयाची असून ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची असते. पंधरा दिवसांच्या वेतनात कोणता नवा व्यवसाय शिकून होतो, हा प्रश्न रास्त आहे. पण जे आहे ते तरी पदरात पडावे.

ज्या कुटुंबातील कोणी अशा कारखान्यात कामास आहे, त्याने नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य विमा योजनेचे कार्ड घरी एका जागी ठेवावे. कंत्राटदार बदलल्यास जुन्या कंत्राटदाराकडील शेवटची वेतनचिठ्ठी टाकून देऊ नये. कमी केलेल्या कामगारांपैकी कोणी पुन्हा लागणार असेल, तर वर्षभराच्या आत होणाऱ्या भरतीत त्यांना प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. गाव सोडून दुसरीकडे राहावयास गेलेल्याने आपला नवा पत्ता कारखान्यास लेखी कळवावा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.